संगणकाच्या सुट्टीचा दिवस

आमच्या शाळेत संगणक आला तो वाजतगाजत. हे मी अलंकारिक अर्थानं म्हणत नाही. टेम्पोला दोन्ही बाजूंनी केळीचे खुंट बांधले होते, खोक्याला झेंडूचा हार होता, पुढं सनईसारखं नादस्वर वाजत होतं आणि त्याच्याही पुढं संस्थेचे सचिव पांढरा सफारी घालून व्याह्यासारखे चालत होते. राजाजीनगरातल्या त्या रस्त्यावर एका बाईनं मला थांबवून विचारलं, नवरदेव कुठं आहे. मी खोक्याकडं बोट दाखवलं.

मी तेव्हा बंगळूरला नवीन होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नवऱ्याला यशवंतपूरच्या बाजूला एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुणं सोडलं, आणि मला या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला. माझं कानडी भाजी आणि रिक्षा यांच्यापुरतं होतं. मला सांभाळून घेतलं ते शेजारच्या तुकडीच्या बाईंनी. त्या इथल्याच, कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून येऊन स्थायिक झालेल्या घराण्यातल्या. सगळी शाळा त्यांना अक्का म्हणे, सचिवसुद्धा. केस काळे होते तेव्हापासून त्या पहिलीच शिकवत आलेल्या. त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी दचकले होते. क्रियापदं आपली, पण मधेच 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे कानडी पाहुणे घरच्यासारखे मांडी घालून बसलेले. माझं मराठी मात्र त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटे. "तू बोलतेस तेव्हा कुणीतरी गेलं की काय, असं वाटतं गं," त्या म्हणाल्या होत्या.

संगणकासाठी खोली रिकामी करायची होती. शाळेत रिकामी करण्यासारखी एकच खोली होती, ग्रंथालय. पुस्तकं जिन्याखाली गेली. मी सकाळी येऊन पाहते तो कोश, गोष्टींची पुस्तकं आणि भूगोलाचे नकाशे झाडूच्या शेजारी उभे, आणि वर दारावर सोनेरी अक्षरांत 'संगणक कक्ष'. अक्का म्हणाल्या, "वाचायला कोण येत होतं? तू नि वाळवी."

कक्षात शाळेतला एकमेव एसी बसला. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत जायचं. यंत्राला निळ्या मखमलीचं पांघरूण शिवलं होतं. दुपारच्या उन्हात सचिव तिथं थंडाव्याला बसत. पांघरूण काढलेलं मात्र आम्ही क्वचितच पाहिलं. शाळेच्या माहितीपत्रकात 'पहिलीपासून संगणक शिक्षण' असं छापलं होतं आणि ते खोटं नव्हतं. आठवड्यातून एकदा पहिलीची मुलं रांगेनं येत, सतरंजीवर बसत, आणि मोठ्या वर्गांना संगणक शिकवणारे तरुण सर एक बटण दाबत. पडद्यावर एक बेडूक 'ए' या अक्षरावरून 'बी'वर उडी मारी. मग पांघरूण. मुलं ते सगळं हात जोडून पाहत. हात जोडायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी. तिच्या दोन्ही हातांची बोटं जन्मापासून आखडलेली होती. मूठ व्हायची, चिमूट व्हायची नाही. उजव्या हाताचं एक बोट तेवढं सरळ होतं आणि त्या बोटानं ती मला दिवसभर काही ना काही दाखवत असे. धडा ती इतरांच्या आधी वाचायची, बेरजा तोंडी करायची, आणि पेन्सिल मुठीत धरली की कागद फाटायचा. आमच्या शाळेत तर वळणदार इंग्रजी अक्षर हा धर्म होता. चार रेघांच्या वह्या, रोज एक पान, आणि अक्षरावरून चारित्र्य ओळखता येतं अशी सचिवांची श्रद्धा. त्यांचं स्वतःचं अक्षर मी पाहिलं होतं, त्यामुळं त्या सिद्धान्तात तथ्य असावं असं मलाही कधीकधी वाटे.

सहामाही परीक्षेत पुट्टीचे पेपर कोरे राहिले. तिच्या आईला बोलावून सांगण्यात आलं की मुलीला दुसरीत घालता येणार नाही. मार्चपर्यंत दुसरी शाळा बघा. आई यशवंतपूरकडं कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवायची. तिला जी शाळा सुचवली ती शहराबाहेर, येलहंक्याच्याही पलीकडं होती. "तिला सोडून मी कामावर कशी पोचू?" तिनं कानडीत विचारलं. मुख्याध्यापिका सहानुभूतीनं म्हणाल्या की ते खरं आहे. मग त्यांनी पुढच्या पालकांना आत बोलावलं.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत अक्का माझ्या वर्गाच्या दारात आल्या. "पुट्टीला घेऊन ये. सेक्रेटरी जेवायला गेलेत. सरांना मी सांगितलंय."

"कुठं?"

"बेडकाकडं."

मला वाटलं, बिचारीला जवळून बेडूक दाखवायचा असेल. कक्षात शिरल्यावर अक्कांनी पांघरूण काढलं, खुर्चीवर दोन जाड कोश ठेवले – जिन्याखालून आणलेले – आणि पुट्टीला त्यांवर बसवलं. सरांनी यंत्र चालू केलं आणि ते दारात पहारा द्यायला उभे राहिले. त्या वेळचे संगणक सुरू झाले की काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ, एवढंच. अक्का म्हणाल्या, "तुझं नाव लिही."

तिनं ते एक सरळ बोट काढलं. एकेक अक्षर शोधून दाबत तिनं नाव लिहिलं. नीट. सरळ रेषेत. प्रत्येक अक्षर दुसऱ्याएवढंच. मी जून महिन्यापासून त्या मुलीला शिकवत होते आणि तिला स्वतःचं नाव लिहिता येतं हे मला त्या क्षणी कळलं. 

सर दारातून म्हणाले, आता ते मोठं बटण दाबायचं. तिनं दाबलं. यंत्रानं उत्तर दिलं: 'बॅड कमांड'. संगणकाला हुकमांशिवाय काही समजत नसे. नाव हा हुकूम नव्हता.

"काय म्हणतंय?" अक्कांनी विचारलं.

"वाईट आहे म्हणतंय," मी म्हटलं.

"म्हणजे ह्यालाही शाळेत नोकरी मिळाली म्हणायची."

पुट्टीनं पडद्यावरचा तो शब्द वाचला. 'बॅड' तिला येत होतं, आमच्या पाठ्यपुस्तकात वाईट मुलाचा एक धडाच होता. मग खाली तिनं सावकाश लिहिलं: 'नॉट बॅड'. यंत्रानं परत तेच उत्तर दिलं. तिनं परत तेच लिहिलं. सरांना शेवटी मधे पडावं लागलं आणि त्यांनी उलट न बोलणारा, नुसतं लिहायचा कार्यक्रम लावून दिला. मी आयुष्यात पुष्कळ पहिली वाक्यं पाहिली आहेत. 'हे घर आहे', 'मी शाळेत जातो'. पहिलंच वाक्य प्रत्युत्तर म्हणून लिहिलेलं मूल मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

अक्का त्याच दिवशी सचिवांकडं गेल्या. मलाही नेलं, कारण 'तुझ्या इंग्रजीचा त्यांच्यावर परिणाम होतो.' मागणी साधी होती: पुट्टीला मार्चची परीक्षा संगणकावर लिहू द्यावी.

"अक्का, ते शक्य नाही," सचिव म्हणाले. "परीक्षा कागदावर असते. आणि पहिलीच्या मुलांनी हात लावला तर यंत्र खराब होणार. लाखमोलाची वस्तू आहे." मग मधेच थांबून त्यांनी विचारलं, "खरंच लिहिते? तसल्या हातांनी?"

"लिहिते."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. माणसाच्या डोक्यात फोटो निघताना मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिला. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, जवळ आली होती. त्या पूजेला एक मोठे निवृत्त अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून यायचे होते, आणि त्यांच्या ओळखीनं आणखी संगणक मिळण्याची आशा होती. "पाहुण्यांसमोर लिहून दाखवू दे," सचिव म्हणाले. "'वेलकम टू अवर स्कूल'. पाहुणे खूश झाले तर मार्चची परीक्षा यंत्रावर. नाही झाले, तर अक्का, परत या विषयावर येऊ नका."

एका मुलीचं शाळेत राहणं एका निवृत्त गृहस्थांच्या खुशीवर ठरणार होतं. मी बाहेर येऊन तसं म्हटलं. अक्का म्हणाल्या, "मग कशावर ठरतं असं वाटत होतं तुला?"

तयारी झाली. रोज मधल्या सुट्टीत पुट्टी कोशांवर बसून ते वाक्य लिहायची. आता ती अक्षरं शोधत नसे. बोट आपोआप जाई. तिच्या आईनं कारखान्यातल्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचं परकर-पोलकं शिवलं.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. सुट्टी होती, तरी शिक्षक, निवडक मुलं आणि पालक आले होते. बंगळूरमध्ये त्या दिवशी जे जे चालतं, फिरतं, कापतं त्याची पूजा होते: बस, रिक्षा, शिवणयंत्र, इस्त्री. कक्षाच्या दारावर आंब्याचं तोरण होतं. पडद्यावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढले होते, प्रिंटरला हार होता, कीबोर्डवर गंध, कुंकू, अक्षता आणि शेवंतीची फुलं. गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवतात तशी टेबलाच्या पायांशीही ठेवली होती. हे टेबल पुढं जाईल अशी कुणाची तरी अपेक्षा असावी. यंत्र चालूच ठेवलेलं, फोटोत उजेड दिसावा म्हणून. गुरुजींनी मंत्र म्हणत सगळ्यावर तीर्थ शिंपडलं. दारात कुंकू भरलेला कोहळा फुटला, चुरमुरे-डाळ्या वाटल्या गेल्या. पाहुण्यांचं भाषण झालं. एकविसावं शतक बंगळूरमार्गेच येणार आहे, असं ते म्हणाले.

मग सचिवांनी पुट्टीचा हात धरून तिला पुढं आणलं आणि तिच्या हातांविषयी बरंच काही सांगितलं, तिच्यासमोर. छायाचित्रकार सरसावला. ती खुर्चीवर चढायला लागली तेव्हा गुरुजी म्हणाले, "हं हं. पूजा झाली. आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

नियम सगळ्यांना माहीत होता. मलाही. पूजा झालेल्या आयुधाला त्या दिवशी सुट्टी असते, विजयादशमीलाच ते परत हातात घ्यायचं. आम्ही लहानपणी पाटी-पुस्तकं पूजेत मांडायचो ती अभ्यास चुकावा म्हणून. त्या एका दिवसापुरती आमची भक्ती कुणाही संताच्या बरोबरीची असे. आणि तरी सचिव, मुख्याध्यापिका, अक्का, मी, इतक्या सगळ्या शिकल्यासवरल्या लोकांनी मिळून संगणकाचं प्रात्यक्षिक वर्षातल्या नेमक्या त्या दिवशी ठेवलं होतं ज्या दिवशी संगणकाला हात लावायचा नसतो. हे कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. हात लावायचा नाही हा त्या खोलीचा रोजचाच नियम असल्यामुळं असेल.

सचिव हार मानणारे नव्हते. त्यांनी पाहुण्यांकडं पाहून स्मित केलं. "हरकत नाही. आज यंत्राची विश्रांती. बाळ भिंतीवरच्या फळ्यावर लिहून दाखवेल." आणि त्यांनी तिच्या हातात खडू दिला.

मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. मला वाटलं, ते विसरले असतील. ते विसरले नव्हते. आत्ताच तर त्यांनी तिच्या हातांवर भाषण केलं होतं. त्यांना फक्त कार्यक्रम पुढं न्यायचा होता. पुट्टीनं खडू मुठीत धरला. फळ्याला टेकवताच तो मोडून पडला. तिनं वाकून तुकडा उचलायचा प्रयत्न केला, चिमूट नाही, म्हणून तो फरशीवर घरंगळत राहिला आणि ती त्याच्यामागं. तिची आई चप्पल काढून दारात उभी होती. ती पुढं आली नाही, तिनं फक्त तोंडावर पदर धरला. पाहुणे छताकडं बघू लागले.

तेव्हा अक्का उठल्या. हे लिहितानाही मला ते विचित्र वाटतं. अक्का म्हणजे नवरात्राचे नऊही दिवस दूध-फळांवर राहणारी बाई. माझ्यासारखी पूजेच्या वेळी खिडकीबाहेर बघणारी नव्हे. त्या टेबलाशी गेल्या, आपला रेशमी पदर हातावर घेतला आणि कीबोर्डवरची फुलं, कुंकू, अक्षता सगळं एका हातानं पुसून टाकलं.

"अक्का," सचिव म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

अक्का गुरुजींशी बोलत होत्या. "स्वामी, फळा आयुध नाही का? खडू नाही? त्यांना आज काम चालतं नि ह्यालाच तेवढी सुट्टी, हे कुठल्या शास्त्रात?"

गुरुजींनी फळ्याकडं पाहिलं. त्याला ना गंध लागलं होतं, ना फूल. इतक्या वर्षांत त्या शाळेत फळ्याची पूजा झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "फळा राहिला खरा," ते म्हणाले, आणि त्यांनी पिशवी उचलली. "मला पिठाच्या गिरणीतल्या पूजेला जायचंय. तुमचं तुम्ही बघा."

पुट्टी खुर्चीवर चढली. पडद्यावरच्या विभूतीमागं लिहायचा कार्यक्रम उघडाच होता. तिनं पहिलं अक्षर दाबलं, 'डब्ल्यू'. बटण खाली गेलं आणि वर आलंच नाही. आत गंध आणि तीर्थ झिरपलं होतं. पडद्यावर एका डब्ल्यूच्या मागं दुसरा, तिसरा, ओळ भरली, दुसरी ओळ, तिसरी. पडदा भरभर भरत गेला.

पाहुणे उभे राहिले. "काय वेग आहे," ते म्हणाले, आणि टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांनी वाजवल्या. मुख्याध्यापिकांनी डोळे पुसले. फ्लॅश उडाला. खोलीतल्या निम्म्या लोकांना इंग्रजी उत्तम येत होतं, आणि एकाच अक्षराच्या त्या ओळी वाचून कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की टाळ्यांवर, ते कळेना.

सचिवांनी तिथल्या तिथं जाहीर केलं: ही बालिका मार्चची परीक्षा संगणकावर देईल, आणि असं करणारी आपली शाळा पहिलीच असेल. पुन्हा टाळ्या. सगळे बाहेर बदाम दूध प्यायला गेले.

पुट्टी खुर्चीवर होती. ती संतापली होती. "हे मी नाही लिहिलं," ती कानडीत म्हणत होती. "मिस, हे चूक आहे. मी नाही लिहिलं."

"गोत्तु, गोत्तु, माहितेय," अक्का म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड उचलला, सुपासारखा उलटा धरला आणि पाठीवर थापटला. अक्षता पडल्या, एक शेवंतीची पाकळी पडली. बटण ओल्या पदराच्या टोकानं पुसून दोनचार वेळा वरखाली केलं. "आता बघ."

पुट्टीनं आधी सगळे डब्ल्यू खोडले. मग वाक्य लिहिलं. संपूर्ण, शेवटच्या टिंबासकट. बघायला खोलीत अक्का होत्या, मी होते, आणि दारातून आत आलेली तिची आई, जिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. बाहेर पाहुणे शाळेच्या प्रगतीविषयी बोलत होते.

मार्चमध्ये सचिवांनी शब्द फिरवायचा प्रयत्न केला. ते प्रात्यक्षिकापुरतं होतं, म्हणाले. अक्कांनी फक्त त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं मोठा करून मढवलेला फोटो होता: हसरे पाहुणे, हसरे सचिव, मधे रडवेली पुट्टी. सचिवांनी मान वळवून तो पाहिला आणि कक्षाची किल्ली काढून दिली. पुट्टीनं परीक्षा दिली. तिला परिसर अभ्यासातल्या एका उत्तराची खात्री नव्हती, तेवढ्यासाठी तिनं बराच वेळ घेतला. ती वरच्या वर्गात गेली.

निकालाच्या दिवशी तिच्या आईनं प्रगतिपुस्तक हातात घेतलं, उघडलं नाही. तिनं अक्कांना विचारलं, "दुसरीत कोण पुसून देणार, अक्का?"

मला वाटलं होतं ती आभार मानेल. तोपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की दुसरीच्या वेळापत्रकात संगणक कक्ष नाहीच, आणि दुसरीच्या बाईंना हे सगळं करायची काही गरजही नाही. परवानगी पहिलीपुरतीच होती. पुढच्या वर्षी पुन्हा कोरे पेपर, पुन्हा येलहंक्यापलीकडची शाळा.

"मी," अक्का म्हणाल्या.

"तुम्ही तर पहिलीच्या."

"मागच्या आठवड्यात अर्ज दिलाय. दुसरी द्या म्हणून." मग माझ्याकडं वळून त्या मराठीत म्हणाल्या, "अशी बघू नकोस गं. मला दुसरीचं गणित स्वल्प बघून घ्यावं लागणार आहे. संध्याकाळी घरी ये."